सरबत घेऊन येणारी बाई

माझ्या बायकोला सिनेमात काम मिळालं ते पाण्याच्या टँकरवाल्यावर ओरडल्यामुळे. थट्टा नाही, खरंच. वेलचेरीत आमच्या बिल्डिंगला पावसाळ्यात जिन्यापर्यंत पाणी येतं आणि उन्हाळ्यात नळाला टिपूस नसतो, म्हणून मग टँकर. त्या दिवशी टँकरवाला अर्धा टँकर ओतून पाइप गुंडाळायला लागला. ही तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिथून तिनं जे तोंड सोडलं, त्यात निम्मं तमिळ होतं, निम्मं तिच्या माहेरचं तंजावरी मराठी. टँकरवाल्यानं मुकाट पाइप परत लावला.

पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहणारी एक मुलगी मात्र बाहेर येऊन वर बघत उभी राहिली. ही मुलगी सिनेमात सहायक दिग्दर्शक होती. संध्याकाळी आमच्याकडे आली आणि हिला म्हणाली, "आंटी, असा आवाज आम्ही तीन महिने शोधतोय."

मी मनात म्हटलं, मी तीस वर्षं ऐकतोय, मला नाही कुणी विचारलं.

मी मूळचा कराडकडचा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात, आस्थापना शाखेत नोकरी लागली म्हणून इकडे तमिळ मुलखात आलो आणि इथलाच झालो. हिच्या घरचे मात्र तंजावरकडून आलेले जुने मराठी. पहिल्यांदा मुलगी बघायला गेलो तेव्हा हिचं मराठी ऐकून मला वाटलं, पोथीतली बाई उठून तमिळ हेल काढून बोलतेय. पण काय तो आवाज! खणखणीत. स्वयंपाकघरातून हाक मारली की मी बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवायचो. तो खाली ठेवायला मला कधी जड गेलं नाही.

त्या मुलीनं सिनेमाची गोष्ट सांगितली. एक जुनं, गाजलेलं शोकनाटक आहे, कॉलेजात सगळ्यांनी सक्तीनं वाचलेलं. राजवाडा, संशय, विष, आणि शेवटच्या अंकात एकेक करत सगळे मरतात. त्यात एक दासी सरबताचं तबक घेऊन येते, "सरबत आणलंय, सरकार," म्हणते आणि जाते. सरबतात विष आहे हे तिला ठाऊकही नसतं. नाटकात तिचं तेवढंच एक वाक्य. ह्या लोकांनी असल्याच माणसांना घेऊन विनोदी सिनेमा काढायचा घाट घातला होता. वर दिवाणखान्यात राजेलोक मरतायत आणि खाली मुदपाकखान्यात आचारी, मशालजी आणि ही दासी काळजीत, की चाळीस पानांचा स्वयंपाक निवतोय, वाढायचं कुणाला? राजवाडा त्यांनी तंजावरचा केला होता आणि खालच्या माणसांना तिथलं मराठी-तमिळ मिसळलेलं बोलणं दिलं होतं. म्हणून ही.

मला विचाराल तर मला ते पटलंच नाही. माणसं मरतायत आणि ह्यांना भाताची पडलीय! ही म्हणाली, "अहो, मयताच्या घरी शेवटी भाताची काळजी कुणाला तरी करावीच लागते. तुम्ही केलीत का कधी?"

शूटिंग शहराबाहेरच्या एका स्टुडिओत नऊ दिवस चाललं. मी डबा घेऊन रोज बरोबर जायचो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. हिचा मुख्य प्रसंग असा, की आचाऱ्यानं केळीची पानं मांडलीयत आणि ही दर थोड्या वेळानं वर तबक नेऊन परत येते. पहिल्यांदा येते आणि म्हणते, "एक पान उचला." मग, "दोन उचला, धाकटे सरकारही गेले." आचारी म्हणतो, "अगं, मीठ वाढून झालंय!" असं करत करत शेवटी ती दारात उभी राहते आणि म्हणते, "राहू द्या आता. कुणी नाही वर. आपणच बसू." मग तिघं जण राजाच्या पंगतीला बसतात आणि जेवतात. पहिल्याच वेळी ते वाक्य तिनं असं टाकलं की लाइटवाले पोरगे खो खो हसले आणि दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला. मी खुर्चीतून उठून उगाच पाणी प्यायला गेलो. अभिमान वाटला, दुसरं काय!

सहाव्या दिवशी कपडेपटातली बाई हिच्या गळ्यात ठुशी घालायला गेली आणि फासा बसेना. आदल्या आठवड्यात माप घेतलेली ठुशी. तिनं दोनदा ओढून पाहिलं, मग बोटानं गळ्यापाशी चाचपलं आणि म्हणाली, "अम्मा, इथं सूज आहे का?" ठुशीला मागून दोरा जोडून काम भागवलं. मी म्हटलं, इडल्या जास्त झाल्या असतील. असली अक्कल माझी.

तपासण्या झाल्या. गाठ थायरॉइडची होती आणि साधी नव्हती. सर्जन तरुण होता, भला होता. त्यानं कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यात गाठ दाखवली आणि तिच्यातून जाणारी एक बारीक रेघ ओढली. म्हणाला, ही आवाजाची नस. गाठीनं तिला वेढलंय. गाठ काढली की जिवाला धोका राहणार नाही, पण आवाजाचं मी काहीच सांगू शकत नाही. राहिला तर कुजबुजण्याइतका राहील. ऑपरेशनची तारीख वीस दिवसांनंतरच्या सोमवारची मिळाली.

घरी आल्यावर हिनं चपला काढल्या, पंखा लावला आणि म्हणाली, "माझं डबिंग राहिलंय."

हे सांगायला हवं, की इथल्या सिनेमात शूटिंगच्या वेळचा आवाज बहुतेक वेळा ठेवत नाहीत. सेटवर जनरेटर घरघरत असतो, दिग्दर्शक मधेच ओरडत असतो. नंतर डबिंग थिएटरात जायचं, पडद्यावर आपलेच ओठ बघायचे आणि माइकसमोर सगळं पुन्हा बोलायचं. तोच आवाज सिनेमात जातो. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घालतात. हिचं काम होतं सगळं मिळून अर्ध्या तासाचं.

"ऑपरेशनच्या आधी माझं डबिंग करून घ्या," ती म्हणाली. "मला बाकी काही नको. पोरीला कळायला हवं तिची आजी कशी बोलायची ते."

पोरगी म्हणजे आमची नात. मुलगी ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे. तेव्हा ती दीड वर्षाची होती. दीड वर्षाच्या पोराला काय लक्षात राहणार? मी म्हटलं, "फोनवर रेकॉर्ड करू की." माझा फोन तिच्यासमोर धरला. तिनं तो बाजूला सारला. "भिंतीसमोर बसून काय बोलू? मृत्युपत्र वाचू? मला ओरडताना ऐकायला हवं तिनं. लोक हसतायत आणि मी ओरडतेय, असं. अय्यो, तुम्ही फक्त डबिंगचं बघा. हे एक तुम्ही करा."

आमच्या संसारात शाळेचा दाखला असो की गॅसचं कनेक्शन, सगळं हिनं भांडून आणलेलं. मी कचेरीत फायली सांभाळल्या, घर हिनं. पण त्या दिवसांत ती आतून घाबरली होती. उठून कुठं जायचं, कुणाशी वाद घालायचा, ह्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं पहिल्यांदाच एक काम माझ्यावर सोपवलं.

आणि मी काय केलं? मी अर्ज लिहिला.

हसा, हसा. पण तीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? 'विषय : प्रकृतीच्या कारणास्तव डबिंगची तारीख अलीकडे मिळणेबाबत.' इंग्रजीत छान टाइप केला. सोबत सर्जनचं प्रमाणपत्र, साक्षांकित प्रत. नुंगंबाक्कमला सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथं स्पीड पोस्टानं पाठवला. वर ई-मेलही केला.

हिनं विचारलं, "फोन केलात?"

"लेखी दिलंय. लेखी असलं की कुणी नाकारू शकत नाही."

"खालच्या मुलीला तरी विचारा."

खालच्या मुलीला विचारलं. ती एव्हाना तो सिनेमा सोडून दुसऱ्या सिनेमावर गेली होती. म्हणाली, "अंकल, सरळ डबिंग थिएटरला जाऊन बसा. आमच्याकडे असंच चालतं. जो समोर दिसतो त्याचं काम होतं." मला ते मुळीच रुचलं नाही. न बोलावता जाऊन दारात बसायचं? भीक मागायला? मान काय राहील? मी आठ दिवसांनी स्मरणपत्र पाठवलं. त्यानंतर चार दिवसांनी दुसरं स्मरणपत्र. दुसऱ्यावर लाल अक्षरांत 'तातडीचे' असं लिहिलं. कचेरीत लाल अक्षरांना माणसं घाबरायची.

आणि इकडे आम्ही रोज दुपारी जेवणाच्या टेबलाशी तालीम करायचो. मी आचारी, मी मशालजी, मीच मरणारे सरकार. ती दासी. मी वाचताना चुकायचो तेव्हा ती ओरडायची, "अहो, मेलेल्या माणसाला आधी मरू तर द्या, मग पुढचं वाचा!" नात खाली चटईवर बसून टाळ्या पिटायची. मला वाटायचं, उत्तर उद्या येईल. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण मी कचेरीत नव्या पोरांना ऐकवायचो. स्वतः मात्र गहू घेऊन घरात बसलो होतो.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी सकाळी तिनं साडी बदलली, वेणी घातली आणि दारात उभी राहिली. "चला," एवढंच म्हणाली. मी अर्जाची प्रत घेऊन निघालो.

डबिंग थिएटर वडपळनीच्या एका गल्लीत, एका घराच्या तळमजल्यावर होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत एसीची थंडी. साउंड इंजिनिअर पन्नाशीचा, शांत माणूस. हिला बघताच त्यानं ओळखलं. "केळीच्या पानांवाल्या अम्मा!" म्हणाला. आम्हाला बसवलं, कॉफी मागवली. मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, प्रमाणपत्र वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सार, हे पत्र मी आज बघतोय. ऑफिसात कुठल्या टेबलावर पडलं असेल कोण जाणे. पत्र कशाला सार? गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या सगळ्या रिळांची हार्ड डिस्क इथंच होती. आठवडाभर मी रिकामा बसून होतो, हिरोची तारीख नव्हती ना. अम्मा आल्या असत्या तर अर्ध्या तासात करून दिलं असतं. डिस्क काल संगीतवाल्यांकडे हैदराबादला गेली. मंगळवारी परत येईल. मंगळवारी या."

"सोमवारी ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्यासमोर दोन फोन केले. हैदराबादचा माणूस म्हणाला, मंगळवारच्या आत अशक्य. मी इंजिनिअरला म्हणालो, चित्र नसलं तर नुसताच आवाज घ्या. त्यानं मला समजावलं, ओठांशी मेळ बसला नाही तर दिग्दर्शक तो वापरणार नाही. तरी बिचाऱ्यानं हिला माइकसमोर उभं केलं. हिनं कानाला हेडफोन लावले, समोरचा रिकामा पांढरा पडदा पाहिला आणि हेडफोन काढून ठेवले. "नको," म्हणाली. बैल गेला नि झोपा केला, त्या झोप्यात उभा राहून मी कॉफी पीत होतो. कॉफी चांगली होती, हे मला अजून आठवतं आणि स्वतःचा संताप येतो.

परत येताना रिक्षात बसल्यावर काय झालं तिला कोण जाणे, शंभर फुटी रस्त्याला लागल्यावर ती आपली वाक्यं म्हणायला लागली. पहिल्यापासून. भर ट्रॅफिकमध्ये, हॉर्नच्या वर आवाज काढून. "एक पान उचला!" रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "दोन उचला!" तो हसायला लागला. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघायला लागली. मी आचाऱ्याची वाक्यं म्हणत होतो, मला ती पाठ झाली होती. शेवटचं वाक्य तिनं म्हटलं तेव्हा रिक्षावाल्यानं हँडलवरचे दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवल्या. फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. मला तो काढायचं सुचलंच नाही, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर आल्यावर तिनं माझ्याकडे बघून ओठ हलवले आणि नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने बघू. सहा महिने बघितलं. मग बघायचं बंद केलं. आता ती कुजबुजते, तेही जवळ कान नेला तर ऐकू येतं. टँकरवाल्याशी आता मी भांडतो आणि तो अर्धा टँकर रिकामा करून निघून जातो.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी माझ्या अर्जाला उत्तर आलं. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आपण कोणत्याही दिवशी सोयीनुसार यावे.' मी ते तिला दाखवलं नाही. पण ई-मेल उघडाच राहिला होता, तिनं वाचला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर हसत होती, अगदी पोट धरून, आणि आवाज काही नाही. मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, "मला माफ कर गं." तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि परत विचारायचा धीर झाला नाही.

सिनेमा अडकत अडकत अडीच वर्षांनी लागला. घराजवळच्या मॉलमध्ये सकाळी अकराचा खेळ. मुलीनं रजा काढली. नात आता चार वर्षांची, तोंडात तमिळ आणि इंग्रजी, मराठी फक्त आमच्यापुरतं. तिच्या लेखी आजी म्हणजे कानात बोलणारी बाई.

अंधार झाला, राजवाडा दिसला आणि ही तबक घेऊन आली. ओठ हिचे, डोळे हिचे, कमरेवर हात ठेवायची लकबही हिचीच. आवाज कुणा दुसरीचा. तरुण, पातळ, जरा किनरा. त्या बाईनं काम वाईट केलं नव्हतं, उगाच का खोटं बोलू. लोक हसत होते. पहिलं पान उचललं तेव्हा हसले, दुसरं उचललं तेव्हा शिट्ट्या पडल्या. मला ती सगळी वाक्यं हिच्या आवाजात पाठ होती, त्यामुळे मला दोन्ही आवाज ऐकू येत होते, एक खालून आणि एक वरून, आणि त्या गर्दीत हिचा दरवेळी दबून जात होता. मी बाजूला पाहिलं. अंधारात ती पडद्याबरोबर ओठ हलवत होती. एक शब्द चुकत नव्हता.

दिवे लागले. नात खुर्चीवर उभी राहिली. "आजी, तू होतीस! तू अशी बोलायचीस? इतक्या मोठ्यानं?"

मी तोंड उघडलं. नाही गं बाळा, असं नाही, ह्याच्या दसपट, असं सांगणार होतो. हिनं माझा दंड घट्ट दाबला आणि पोरीकडे बघून मान हलवली. हो.

मुलगी दुसरीकडे बघायला लागली. नातीनं हिच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "मग आता बोल ना तसं."

हिनं पोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. वीस दिवस हातात असताना 'हे एक तुम्ही करा' म्हणाली, तेव्हा जशी बघत होती ना, तशीच.

"घरी गेल्यावर बोलेल हं," मी म्हणालो.

पोरीनं लगेच मान डोलावली. गाडीत एरवी तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं. त्या दिवशी ती हिच्या मांडीवर अगदी चिडीचूप बसून राहिली, घर यायची वाट बघत.